मताचा हिशेब

संसदेचे अधिवेशन संपले की खासदार आपापल्या मतदारसंघात परततात. त्यांचे सत्कार होतात, निवेदने स्वीकारली जातात, उद्घाटनांच्या फिती कापल्या जातात. लोक त्यांना रेल्वेच्या थांब्याविषयी, रखडलेल्या पुलाविषयी, पीकविम्याविषयी विचारतात. हे सारे प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या कामासाठी या माणसाला प्रामुख्याने निवडून दिले, त्या कामाविषयीचा प्रश्न क्वचितच कानी पडतो. अमुक विधेयकावर तुम्ही काय मत दिले आणि ते का दिले, असे आपण आपल्या प्रतिनिधीला विचारत नाही. तोही आपण होऊन सांगत नाही.

प्रतिनिधीने हिशेब द्यावा ही अपेक्षा आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज आहे. तो मला मान्य नाही. तंजावूर ही ज्यांची राजधानी होती त्या चोळांच्या राज्यात, पहिल्या परांतकाच्या काळात, म्हणजे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, उत्तरमेरूर येथील ग्रामसभेने आपले नियम मंदिराच्या भिंतीवर कोरून ठेवले. समित्यांवरील माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली जात. ज्याने पूर्वी समितीवर काम केले आणि हिशेब सादर केला नाही, तो पुन्हा उभा राहण्यास अपात्र ठरे. इतकेच नव्हे, तर त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र ठरत. ती काही लोकशाही नव्हती. जमीन, घर आणि वेदविद्या यांच्या अटी इतक्या कडक होत्या की गावातील बहुसंख्य माणसे आणि सर्व स्त्रिया तिच्या बाहेरच राहत. तरीही अधिकार आणि हिशेब यांची गाठ त्या लोकांनी दगडात बांधून ठेवली होती, हे विसरता येत नाही.

त्याच तंजावूर मुलुखात जन्मलेल्या एका विधिमंडळ सदस्याचे चरित्र आज मी सांगणार आहे. मराठी वाचकाला तंजावूर म्हटले की व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. पुण्याशी जन्मभराचे नाते जोडणारा हा तंजावूरकर मात्र आता विस्मरणात गेला आहे. त्याचे नाव व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री.

वलंगैमान ते पुणे

श्रीनिवास शास्त्रींचा जन्म २२ सप्टेंबर १८६९ रोजी कुंभकोणमजवळच्या वलंगैमान या गावी झाला. हे गाव तेव्हा तंजावूर जिल्ह्यात होते. आज ते तिरुवारूर जिल्ह्यात मोडते. वडील भिक्षुकी करणारे वैदिक ब्राह्मण होते. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. कुंभकोणमच्या शाळेत आणि पुढे तेथील सरकारी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि अखेरीस मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातील हिंदू हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. त्यांच्या इंग्रजीचा लौकिक पुढे इंग्लंडपर्यंत गेला, पण तो घडला तो शाळेच्या वर्गात. याच काळात, १९०४ साली, तिरुवल्लिक्केणीत एक ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत शास्त्री होते.

१९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, संस्था देईल त्या वेतनात संसार चालवायचा आणि आयुष्य देशकार्याला द्यायचे, अशी तिची शिस्त होती. १९०७ साली शास्त्रींनी नोकरी सोडली आणि ते या समाजात दाखल झाले. सुस्थिर नोकरी, कुटुंबाची जबाबदारी आणि चाळिशीकडे झुकलेले वय ध्यानी घेतले, तर हा निर्णय सोपा नव्हता. १९१५च्या फेब्रुवारीत गोखले गेले आणि समाजाचे अध्यक्षपद शास्त्रींकडे आले. एका महाराष्ट्रीय गुरूची गादी एका तमिळ शिष्याकडे जावी, याचे त्या काळी फारसे कोणाला नवल वाटले नाही. आज कदाचित वाटेल.

गोखल्यांचा दुसरा शिष्य त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतून परतला होता. मोहनदास गांधींना भारत सेवक समाजात यायचे होते. सभासदांत मतभेद झाले आणि गांधींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. शास्त्री आणि गांधी यांचे मार्ग तेथून वेगळे झाले. स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला.

मूठभर मतदार

१९१३ साली सरकारने शास्त्रींची मद्रास विधान परिषदेवर नियुक्ती केली. १९१६ साली ते मद्रासमधून केंद्रीय कायदेमंडळावर निवडून आले. येथे निवडून आले या शब्दांनी फसू नये. मोर्ले-मिंटो सुधारणांनुसार त्यांना निवडून देणारे मतदार म्हणजे मद्रास परिषदेचे बिनसरकारी सदस्य. ते सारे एका मध्यम आकाराच्या दिवाणखान्यात बसू शकले असते. वलंगैमानच्या शेतमजुराला, कुंभकोणमच्या विणकराला या निवडणुकीत स्थान नव्हते.

या निवडणुकीची आणखी एक बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. १९१६च्या या निवडणुकांत डॉ. टी. एम. नायर यांच्यासारखे ब्राह्मणेतर नेते पराभूत झाले आणि ब्राह्मण उमेदवार विजयी झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मद्रासमध्ये ब्राह्मणेतर चळवळीची संघटना उभी राहिली. तीच पुढे जस्टिस पार्टी म्हणून ओळखली गेली. शास्त्री ज्या देशाच्या नावाने बोलत होते, त्या देशातील बहुसंख्यांना हा माणूस आपला प्रतिनिधी वाटत होता का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. त्या काळातील कोणत्याही प्रतिनिधीचे चरित्र हा प्रश्न वगळून सांगता येत नाही.

तरीही शास्त्री आपण केवळ त्या दिवाणखान्यातील मतदारांना उत्तरदायी आहोत, असे मानून वागले नाहीत. त्यांनी पुस्तिका लिहिल्या, गावोगाव व्याख्याने दिली आणि १९१८च्या फेब्रुवारीत भारत सेवक समाजाने पुण्याहून सुरू केलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे पहिले संपादकपद सांभाळले. कायदेमंडळात काय चालले आहे, सरकारचे म्हणणे काय, आपले म्हणणे काय, हे वाचकांपुढे मांडणे हा त्यांच्या सार्वजनिक कामाचा भाग होता. मताधिकार नसलेल्या लोकांपुढेही आपली बाजू मांडली पाहिजे, असे मानणारे सदस्य त्या काळी थोडे होते.

१९१९चे मत

शास्त्रींच्या संसदीय जीवनातील सर्वांत कठीण मत १९१९ साली आले. न्यायमूर्ती सिडने रौलट यांच्या समितीने १९१८ साली आपला अहवाल दिला होता. महायुद्ध संपले होते. युद्धकाळातील विशेष अधिकार संपुष्टात येणार होते. सरकारला ते अधिकार हातचे जाऊ द्यायचे नव्हते. १९१९च्या फेब्रुवारीत दोन विधेयके मांडली गेली. त्यातील महत्त्वाच्या विधेयकात ज्युरीविना खटला, अपिलाविना शिक्षा आणि खटल्याविना स्थानबद्धता यांची तरतूद होती.

शास्त्री मवाळ. सरकारशी बोलून, समजावून, थोडे थोडे मिळवत जायचे, हा त्यांचा मार्ग. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे भवितव्य त्याच वेळी लंडनमध्ये ठरत होते. सरकारला दुखावू नये, असे वाटण्यास त्यांना भरपूर कारणे होती. शिवाय गुरूचे एक उदाहरण समोर होते. १९१०च्या वृत्तपत्र कायद्याला गोखल्यांनी विरोध केला नव्हता आणि त्याबद्दल त्यांना बोल लागला होता.

शास्त्रींनी वेगळा मार्ग धरला. ७ फेब्रुवारी रोजी त्यांनी केलेले भाषण आजही भारतीय संसदीय वक्तृत्वाचा नमुना म्हणून वाचले जाते. त्यांचा मुद्दा साधा होता. वाईट कायदा केवळ वाईट माणसांविरुद्ध वापरला जातो, हा भ्रम आहे. सरकार दडपशाहीच्या वाटेला लागले की निरपराधपणाची व्याख्याच बदलते. सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेणारा, कर भरणारा आणि अधिकाऱ्यांपुढे वाकणारा तेवढा निरपराध ठरतो. आपल्यासारखी राजनिष्ठ पण बोलणारी माणसेही संशयाच्या घेऱ्यात येतात. आणि विधेयक लादले गेलेच, तर सभागृहातील प्रत्येक भारतीय सदस्याला लोकांच्या चळवळीत उतरणे भाग पडेल, असेही त्यांनी बजावले. प्रेक्षकांत गांधी होते. कायदेमंडळाचे कामकाज त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले, ते याच वेळी. व्हाइसरॉय चेम्सफर्ड मंत्रमुग्ध होऊन ऐकत होते, असे त्यांना जाणवले. पण झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, हा धडाही त्यांनी त्याच दिवशी घेतला.

१८ मार्च रोजी विधेयक मंजूर झाले. बाजूने ३५ आणि विरोधात २० मते पडली. बिनसरकारी भारतीय सदस्य विरोधात एकवटले होते. सरकारी बहुमताने त्यांना हरवले. विधेयकाच्या निषेधार्थ मदन मोहन मालवीय, महंमद अली जिना आणि मजहरुल हक यांनी राजीनामे दिले. गांधींनी सत्याग्रहाची घोषणा केली.

शास्त्रींनी राजीनामा दिला नाही. इतकेच नव्हे, तर दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि इतर मवाळांबरोबर त्यांनी सत्याग्रहाला विरोध करणाऱ्या पत्रकावर सही केली. ज्याने सभागृहात चळवळीचा इशारा दिला होता, त्यानेच चळवळ पेटताच पाऊल मागे घेतले, अशी टीका झाली. ती होणे स्वाभाविक होते.

दोन मतांमधील अंतर

या टीकेला शास्त्रींकडे उत्तर होते आणि ते त्यांनी लपवले नाही. त्यांच्या दृष्टीने अन्यायी कायद्याविरुद्ध मत देणे, बोलणे, लिहिणे, सभा घेणे हे एक कर्तव्य होते. ठरवून कायदा मोडणे ही वेगळी गोष्ट होती. एकदा कायदेभंगाची सवय लागली की उद्याच्या स्वराज्यालाही ती जड जाईल, अशी त्यांची भीती होती. सभागृह सोडले तर सुधारणांच्या वाटाघाटीत भारताची बाजू कोण मांडणार, हाही त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी ते मवाळांच्या शिष्टमंडळाबरोबर लंडनला गेले आणि संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली.

मला शास्त्रींचे हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ६ एप्रिलच्या हरताळाला देशाने जो प्रतिसाद दिला, त्याने सिद्ध केले की लोक मवाळांच्या खूप पुढे निघून गेले होते. १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा समजावून सांगण्याच्या राजकारणाची मर्यादा उघडी पडली. इतिहासाने गांधींच्या बाजूने कौल दिला आणि तो योग्यच होता.

परंतु आज माझा मुद्दा शास्त्री बरोबर होते की चूक, हा नाही. त्यांनी विधेयकाच्या विरोधात मत दिले, त्याची कारणे दिली. सत्याग्रहाच्या विरोधात भूमिका घेतली, तिचीही कारणे दिली. पहिल्या भूमिकेमुळे सरकार नाराज झाले, दुसरीमुळे लोक. दोन्ही वेळा ते आपल्या नावानिशी उभे राहिले. त्यांच्याशी असहमत होणाऱ्याला आपण नेमके कशाशी असहमत आहोत, हे ठाऊक होते. प्रतिनिधीकडून याहून अधिक काही मागता येत नाही. पण याहून कमीही मागू नये.

पराभूत मताचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. नव्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या राज्यपरिषदेवर शास्त्री निवडून गेले. तेथील मतदार साऱ्या देशात मिळून सतरा हजारांच्या आसपास होते. १९२१च्या आरंभी त्यांनी दडपशाहीच्या कायद्यांची तपासणी करण्यासाठी समिती नेमावी, असा ठराव मांडला. तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने केलेल्या शिफारशींनुसार १९२२ साली रौलट कायदा रद्द झाला. यात सत्याग्रहाचा वाटा निःसंशय मोठा होता. तरी हरलेले मत नोंदवून ठेवले, तर तीन वर्षांनी त्याचा पाठपुरावा करता येतो, हेही त्यातून दिसते.

सत्ता नाकारणारा

पुढची वर्षे शास्त्रींनी प्रामुख्याने परदेशस्थ भारतीयांच्या हक्कांसाठी वेचली. १९२२ साली ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडात गेले. १९२३ साली केनियातील भारतीयांच्या प्रश्नावर ब्रिटिश सरकारने जो निर्णय दिला, त्याने त्यांच्या साम्राज्यावरील विश्वासाला तडा गेला. तरीही १९२७ साली, गांधींच्याच आग्रहावरून, त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील भारताच्या पहिल्या प्रतिनिधीचे पद स्वीकारले. डर्बनमध्ये भारतीय मुलांसाठी उभे राहिलेले शास्त्री कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी घेतला नाही. पुढे १९३५ ते १९४० या काळात ते अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. १९३७ साली मद्रास प्रांतात निवडणूक झाली आणि २१५ पैकी १५९ जागा काँग्रेसने जिंकल्या. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळाल्याखेरीज काँग्रेस सत्ता घेण्यास तयार नव्हती. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड अर्स्किन यांनी शास्त्रींना अंतरिम मंत्रिमंडळ बनवण्यासाठी पाचारण केले. वयाच्या ६७व्या वर्षी, आयुष्यभर ज्या घटनात्मक मार्गाचा पुरस्कार केला त्याच मार्गाने, प्रांताचे प्रमुखपद चालून आले होते. काँग्रेसशी त्यांचे मतभेद जुने आणि जाहीर होते. शास्त्रींनी नकार दिला. मग कुर्मा व्यंकट रेड्डी नायडू यांनी १ एप्रिलला ते पद स्वीकारले आणि जुलैत राजगोपालाचारी मुख्यमंत्री झाले.

या नकाराकडे मी त्यांच्या संसदीय जीवनातील अखेरचे मत म्हणून पाहतो. मतदारांनी ज्याला कौल दिला नाही त्याने राज्य करू नये, एवढे साधे तत्त्व त्यात आहे. ज्याला आपल्या आयुष्यात कधी सामान्य मतदाराच्या दारात मत मागायला जावे लागले नाही, त्याने त्या मतदाराचा असा मान राखला. सभागृहातील आकडे जुळवून, माणसे फोडून, मतदाराचा कौल महिनाभरात उलटा फिरवण्याची आपल्याला जी सवय झाली आहे, तिच्या पार्श्वभूमीवर हा नकार फार मोठा वाटतो.

१९४६च्या जानेवारीत गांधी मद्रासला आले, तेव्हा आजारी शास्त्रींना ते आवर्जून भेटले. १७ एप्रिल १९४६ रोजी शास्त्रींचे निधन झाले. स्वातंत्र्य सोळा महिन्यांवर होते.

आपले काय?

आता आजच्या संसदेकडे वळू. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावे परिशिष्ट अस्तित्वात आले. पक्षांतराचा बाजार थांबवणे हा तिचा हेतू होता. तो बाजार किती थांबला, हे महाराष्ट्राच्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. परंतु तिचा एक परिणाम निश्चित झाला. पक्षादेश झुगारून मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. साहजिकच, मत का दिले या प्रश्नाला आज एकच उत्तर उरले आहे: पक्षाने सांगितले म्हणून. ज्याला स्वतःचे मत नाही, त्याच्याकडे कारण मागणार तरी कसे?

दुसरी अडचण मतमोजणीची. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अशा वेळी कोणी काय मत दिले, याची नोंदच राहत नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके विरोधकांची मतविभागणीची मागणी असताना गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. १४ महिन्यांनी ते कायदे मागे घेण्यात आले, तेही चर्चेविना. कायदे आले तेव्हा कोणी मत दिले ते कळले नाही. गेले तेव्हा का गेले ते सभागृहात सांगितले गेले नाही. परकीय सरकारच्या १९१९च्या कायदेमंडळात ३५ आणि २० हे आकडे तरी नोंदले गेले होते.

यावर उपाय अवघड नाहीत. पक्षादेशाची सक्ती विश्वासदर्शक ठराव आणि अर्थविषयक विधेयके यांपुरती ठेवावी, ही सूचना जुनी आहे आणि ती मला योग्य वाटते. महत्त्वाच्या प्रत्येक विधेयकावर मतविभागणी व्हावी आणि प्रत्येक सदस्याचे मत त्याच दिवशी जनतेला पाहता यावे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सभागृहात आहेच. ती वापरण्याची इच्छा हवी.

यातील पहिले काम संसदेने करायचे आहे. पण एक काम आपल्या हाती आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पुढच्या वेळी खासदार गावात आले, की पुलाचा आणि रेल्वे थांब्याचा प्रश्न जरूर विचारावा. त्याच्याच जोडीला, सरत्या अधिवेशनातील एका विधेयकाचे नाव घ्यावे आणि त्यावर त्यांनी काय केले, ते विचारावे. उत्तर पटले नाही तरी चालेल. उत्तर द्यावे लागते, एवढे त्यांच्या लक्षात यायला हवे.